आधी सानिकाचा पेला

प्रिय आई,

उद्या तुमचं वर्षश्राद्ध, आणि त्यावरून आज सकाळीच घरात वाजलं. तुमच्या लेकीचा, माधवीताईंचा, घोडबंदरहून फोन. "वहिनी, गुरुजी उशिरा येणारेत. कावळ्याचं पान ठेवेपर्यंत घरातल्या कुणी तोंडात काही घालायचं नाही हं! आईचं सगळं रीतसर व्हायला हवं."

मी काही बोलायच्या आत सानिकाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "आत्या, मी माझं पिणार. आजीची ऑर्डर आहे." फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. म्हणून लिहायला बसले. तुमच्याशिवाय हे कुणाशी बोलू?

सानिका तान्ही होती तेव्हाचं आठवतं ना? गाल गुबगुबीत, पोट टम्म. डोंबिवलीतली आपली अख्खी बिल्डिंग "काय बाळसं धरलंय!" म्हणायची, आणि आपली पोर मात्र झोपेतून उठवली की घामाने गार पडलेली. ठाण्याच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, "हिच्या यकृतात साखर साठते. पण पोट रिकामं झालं की ती साखर रक्तात सोडणारं जे एन्झाइम लागतं, ते हिच्याकडे जन्मापासूनच नाही." मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तुम्ही पदर सावरून विचारलंत, "म्हणजे कणगी भरलेली आहे, पण लेकराला त्यातलं काढता येत नाही?"

"अगदी तसंच, आजी."

"मग आम्ही बाहेरून घालत राहू," तुम्ही म्हणालात. जसं काही पाहुण्यांचं जेवणच ठरत होतं!

ती वर्षाची झाली आणि औषध मिळालं. औषध कसलं, वाण्याकडचं कॉर्नफ्लोर! थंड पाण्यात कालवायचं, कच्चंच पाजायचं, ठरलेल्या वेळा चुकवायच्या नाहीत. पोटात ते सावकाश फुटतं आणि साखर हळूहळू रक्तात येत राहते. डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं, शिजवायचं नाही.

आणि तुम्ही शिजवलंत! अहो, का? मी ऑफिसला गेले आणि तुम्ही ते मंद आचेवर घोटून, वेलची घालून, छान खीर करून भरवलीत. सकाळ सरायच्या आत पोर मान टाकून बसली. तोंडाला ग्लुकोजचं पाणी लावून तुम्ही तिला रिक्षात घातलंत, म्हणून निभावलं. मी धावत पोचले तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसला होतात. "कच्चं पीठ लेकराच्या पोटात कसं घालू गं, मेधा? दुखेल ना तिला." त्यावर मी काय भांडणार होते? पण भांडले. तुम्हीही ऐकून घेतलंत.

डॉक्टर मात्र चिडले नाहीत. शिजवलेलं भराभर पचतं, साखर एकदम वर जाते आणि तितकीच लवकर संपते, असं त्यांनी समजावलं. तुम्ही म्हणालात, "पेंढा आणि शेणी. पेंढा भडकतो आणि विझतो. शेणी धुमसत राहते." त्यानंतर त्या पेल्याच्या जवळपाससुद्धा तुम्ही गॅस पेटू दिला नाहीत. मी नुसतं कोमट पाणी घेतलं तरी ओरडायचात!

बिल्डिंगमध्ये तर तुमची दहशतच होती. पेढा नाही, केळं नाही, साखरफुटाणे नाहीत. गोड म्हटलं तरी ते तिच्या उपयोगाचं नाही, हे तुम्ही प्रत्येक हळदीकुंकवाला नव्याने ऐकवायचात. "प्रसाद माझ्या हातावर ठेवा, तिच्या नाही." अंगात येणाऱ्या बाईलाही लोक एवढे बिचकत नसतील.

पण मला सांगायचंय ते त्या संकष्टीचं.

सानिका पहिलीत होती. दुपारचा पेला तिने गुपचूप तुळशीत ओतला. कुंडीत पांढरं दिसलं आणि मी किंचाळले. तिचे हात कापायला लागले होते. लगेच ग्लुकोजचं पाणी दिलं, मग दुसरं कालवून पाजलं, आणि जरा बरं वाटल्यावर ती म्हणाली, "आजीला बाप्पा आवडतो म्हणून ती जेवत नाही. मला पण आवडतो."

तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, वरणभात वाढून घेतलात आणि तिच्यासमोर मांडी घालून बसलात. चंद्रोदयाला अजून किती अवकाश होता! संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, लग्नाआधीपासून एकही न मोडलेल्या तुम्ही. पहिला घास उचलताना तुम्ही एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलंत. काय चाललं होतं हो मनात? मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तिला एवढंच म्हणालात, "बाप्पाने मला सांगितलं, जेव. तुलाही सांगितलंय."

त्या दिवसापासून तुम्ही एकही उपास केला नाहीत. एकही! भजनी मंडळात कुजबुज झाली. तळमजल्यावरच्या जोशी काकूंनी तोंडावर विचारलं, "काय हो, या वयात उपास सोडलेत?" तुम्ही टाळ पुसत म्हणालात, "देवाला सांगून सोडलेत. तुम्हाला सांगायचं राहिलं." आई, तेव्हा मला तुमचा एवढा अभिमान वाटला होता, की तिथेच वाकून नमस्कार करावा. केला नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "नाटकं पुरे, कुकर लाव."

सानिका आता कल्याणच्या कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकते, हे तुम्ही पाहून गेलात. तुमच्यापाशी बसून ती सांगायची, पेशीत हजारो एन्झाइम्स असतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं. तुम्ही म्हणालात, "आपापलं काम करायचं, दुसऱ्याच्यात नाक खुपसायचं नाही? आमच्या मंडळात घ्या गं त्यांना!" आणि आपण झोपलो तरी आत काम चालूच असतं, हे तुम्ही तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलंत. मग म्हणालात, "म्हणजे आतल्या चुलीला सुट्टीच नाही. बाईसारखीच की."

शेवटच्या आठवड्यात मला ओळखलं नाहीत तुम्ही. तुमचा मुलगा समोर उभा, त्यालाही नाही. पण सानिका आत आली की विचारायचात, "प्यायलीस?" थोडा राग आला होता मला. खरंच सांगते.

आता मागच्या महिन्यातलं ऐका. ठाण्याच्या हॉस्पिटलात अशाच मुलांच्या पालकांना बोलावलं होतं. सानिकाने सगळ्यांसमोर कॉर्नफ्लोर कालवून दाखवलं. मांडीवर नातू घेतलेल्या एका आजींनी घाबरत विचारलं, "कच्चंच पाजायचं?"

"कच्चंच, आजी. माझ्या आजीनेही आधी खीर केली होती." सगळे हसले. ती पुढे म्हणाली, "नंतर तिने माझ्यासाठी सगळे उपास सोडले. म्हणून मी मोठी झाले." त्या आजींनी तिचा हात धरून ठेवला. मी मागच्या खुर्चीवर बसून शेजारच्यांना सांगत सुटले, बोलतेय ना, ती माझी मुलगी. आणि जिच्याबद्दल बोलतेय, त्या माझ्या सासूबाई!

ताईंचा मघाशी पुन्हा फोन आला होता. "वहिनी, सानिकाचं चुकवू नका हं. आई येऊन मला ओरडेल."

तेव्हा आई, शब्द देते. उद्या अळूवडी, खीर, सगळं तुमच्या आवडीचं होईल. गुरुजी येवोत, न येवोत, कावळा वाट बघत बसू दे. सानिका पेला रिकामा करून पालथा घालेल, मी तो डोळ्यांनी पाहीन, आणि मगच तुमचं पान वाढीन. मला माहीत आहे, त्याआधी तुम्ही घास घेणार नाही.

तुमची,
त्या खिरीवरून अजूनही चिडणारी सून,
मेधा