देवाच्या अंगरख्याची उघडी बाही

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मी, ज्योतीराम सोपान माळवदे, वय एकोणपन्नास, धंदा शिंपीकाम, राहणार मौजे दापोडी, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे बळावले आहे, पण बुद्धी शाबूत आहे आणि सुईत दोरा अजून पहिल्या खेपेस जातो. माझ्यामागे घरातले भांडण वाढू नये, एवढाच हेतू.

१. राहते घर व परसू पत्नी सोजराबाई हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. दुकान व पायमशीन धाकटा भाऊ कोंडाजी याला. कारखान्यांचे खाकी कपडे तो झपाट्याने शिवतो. मोठी कात्री मुलगा सयाजी याला. तिने कागद कापू नये, हे त्याला सांगून थकलो. आता लिहून ठेवतो.

३. भांडणाचे मूळ असे. चैत्रातल्या यात्रेला भैरवनाथाचा अंगरखा शिवण्याचा मान आमच्या घराचा. मागच्या वर्षीचा अंगरखा कापडावर ठेवून नवा बेतायचा, ही रीत. त्यामुळे माणसांच्या अंगावरून गेलेला जुना घेर देवाच्या अंगावर टिकला. देवाचा उजवा हात खड्ग धरून वाकलेला आहे. तो बाहीतून जात नाही, म्हणून ती बाही खालून उघडी ठेवून बंदांनी बांधतात.

पुण्याच्या फिल्म कंपनीत पोशाख आखणारे नानासाहेब पेशवाईतल्या सरदारासाठी नमुना शोधत आले आणि देवाचा अंगरखा पाहून हरखले. सयाजीने व मी तोच मोठा करून नटासाठी शिवला. बाही उघडी का, हे मी सांगितले. ते म्हणाले, "राहू द्या हो, तलवार उपसताना काय सुरेख फडकेल!"

फडकली. पुढच्या लगीनसराईत नवरदेव तशीच बाही मागू लागले. कंपनीने पोशाखांचे प्रदर्शन भरवले, तिथेही त्या बाहीपुढेच दाटी. बापाचे कपडे जुनाट वाटतात आणि पणजोबाचे हवेसे वाटतात, असे का? त्या दाटीत उभा राहून मी विचार केला.

४. यंदा सयाजीने सिनेमातल्यासारखा, मखमली गळपट्टीचा अंगरखा देवासाठी शिवला. कोंडाजी भडकला. "देवाला नट करतोस व्हय रं?"

"काका, नटाला देवाचा अंगरखा चालला. मग देवाला नटाचा का न्हाई?"

गावकीतही दोन तट पडले. मान कोणाकडे जावा, हे मला ठरवायचे होते, म्हणून मी देवाचे जुने अंगरखे ठेवलेली पेटी उपसली. तळच्या अंगरख्यांना कॉलर नाही. मधल्या एकाला उभी कॉलर व पितळी गुंडी आहे, खडकीच्या गोऱ्या शिपायाच्या कोटासारखी. टाके माझ्या आजोबांचे. पुढच्या प्रत्येकाला ती कॉलर आहे, माझ्याही. मी ती पेशवाईतली समजत होतो. नानासाहेबांचा सरदारही तीच लावून लढला. मला हसू आले, मग हात जोडले.

सोजराबाई म्हणाली, "तुमी समदे भांडताय. देवाला कुणी इचारलं का?"

५. म्हणून असे ठरवतो. माझ्यामागच्या पहिल्या चैत्रात सयाजीचा अंगरखा देवाला घालून पाहावा. खड्गाच्या हातावर बंद न ताणता बसला, तर मान सयाजीचा. न बसला, तर कोंडाजीचा, आणि सयाजीने त्याच्या हाताखाली शिवावे. अंगरखा कोंडाजीनेच चढवावा. तो रागीट आहे, पण देवाच्या अंगावर लबाडी करणार नाही.

६. न बसलेला अंगरखाही उसवू नये, पेटीत ठेवावा. हे वाचून दाखवताना साक्षीदार उद्धवरावांनी विचारले, "अरं, न बसलेला कशाला ठेवायचा?" मी म्हणालो, "पुढं कुणीतरी पेटी उपसंल की. त्यालाबी हसू येऊ द्या."

हे मी वाचले, ऐकवले व समजून सही केली.

ज्योतीराम सोपान माळवदे

साक्षीदार:
उद्धवराव, शेतकरी, दापोडी. सही.
दौलतराव, शाळामास्तर, दापोडी. सही.

मुक्काम दापोडी, २ डिसेंबर १९५७