उन्हात घातलेला टेबलक्लॉथ

सोआजो, ३ जुलै १९७२

चि. इल्दा हिस अनेक आशीर्वाद.

लग्नाच्या जेवणाला आजीनं विणलेला टेबलक्लॉथच हवा, हे तुझं म्हणणं कबूल. पण त्यावर नाताळात बाबांनी सांडलेल्या लाल वाइनचा डाग आहे. तीन दिवस झाले, साबण लावून टेबलक्लॉथ गवतावर पसरते, सुकू लागला की झारीनं पाणी शिंपडते. डाग फिकट होतोय तसा माझा हात अडखळतोय. बाबा गेल्यावर त्यांचं शेवटचं एवढंच राहिलंय गं. शेजारची झेफरिना म्हणते, वेडी आहेस, पाहुणे काय म्हणतील! तू तिकडे कोइंब्राच्या प्रयोगशाळेत उजेडाचाच अभ्यास करतेस ना? मग सांग, डाग ऊन नेतं की पाणी?

तुझी आई

कोइंब्रा, ८ जुलै

ती. आईस सा. न.

दोघं मिळून नेतात. उन्हातले अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे पाण्यात विरघळलेला प्राणवायू चेकाळतो आणि रंगाच्या रेणूंचे तुकडे पाडतो. आम्ही काचेच्या नळीत रंगीत पाणी भरून दिव्याखाली हेच करतो. शेजारी एक नळी उजेड लागू नये म्हणून पातळ पत्र्यात गुंडाळून ठेवतो, तिचा रंग तसाच राहतो.

पण आई, तो डाग पूर्ण निघू दे. तुला कधी सांगितलं नाही. गंमत म्हणून मीच बाबांचं कोपर ढोसलं, म्हणून पेला कलंडला. तू रागावशील म्हणून त्यांनी दोष स्वतःवर घेतला. लग्नात तो डाग दिसला तर मला घास गिळवणार नाही.

तुझी इल्दा

सोआजो, १९ जुलै

चि. शहाण्या इल्दास आशीर्वाद.

कोपराचं मला तेव्हाच दिसलं होतं. समोरच बसले होते की मी! बाबांनी डोळा मारला, म्हणून गप्प राहिले.

तुझ्या त्या नळीवरून सुचलं. डागावर त्यांची काळी टोपी ठेवली आणि भोवती आठवडाभर पाणी शिंपडलं. झेफरिनानं कपाळाला हात लावला. काल टोपी उचलली. सगळं कापड पांढरंशुभ्र, आणि एका कडेला पेल्याच्या बुडाएवढा फिकट जांभळा डाग. ती कड बाबांच्या खुर्चीसमोर येईल. त्यांचा पेला तू आपल्या हातानं भरायचा आणि बरोबर त्यावर ठेवायचा. खाली काय आहे ते आपल्या दोघींनाच ठाऊक.

सासरी गेलीस तरी आईवरचा लोभ कमी करू नकोस. आणि या खेपेला कोपर सांभाळ.

तुझी आई