सूपमध्ये धुतलेला हातमोजा

हार्लो क्रीक, मिनेसोटा
मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६८

लाडक्या आर्डिसला आईचा गोड मुका.

तुझी तब्येत कशी आहे? बाळ पोटभर पितंय ना? इकडे बर्फ पडलं. लाल गाय व्याली. तुझ्या बाबांचा गुडघा आता रेडिओच्या आधी हवामान सांगतो.

सिग्ने मजेत आहे. बाळंतपणाआधी तिला इथं सोडताना तू दारातच बजावलंस, "आई, मळली म्हणून तिला एक शब्द जरी बोललीस तर ती पुन्हा इथं येणार नाही." मी हो म्हटलं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

तू दिलेलं रॅकूनचं पुस्तक दिवसातून सहा वेळा वाचून होतं. मी तिसरी शिकलेली, बोट ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही. आणि या चार वर्षांच्या चिमुरडीला एक अक्षर येत नाही, पण पुस्तक तोंडपाठ! एक शब्द गाळला की, "आजी, लबाडी नको!" तो रॅकून जनावर असून सगळंच धुतो गं. जोडे धुतो, पाव धुतो, शेवटी वाढदिवसाचा केकही ओढ्यात धुतो, आणि मग रिकाम्या पंजांकडे बघत बसतो. त्या चित्राला मी इतकी हसते की कवळी हातात येते.

तर शनिवारी चर्चचं जेवण होतं. तळघरात सगळं गाव. माझं वाटाण्याचं सूप दरवर्षीचंच. हुल्डाबाईंनी त्यात पळी घातली आणि वर काय आलं? लाल लोकरी हातमोजा, अंगठा उभा करून!

"बोर्गहिल्ड," हुल्डाबाई म्हणाल्या, "तुझ्या घरात धुळीचा कण नसतो म्हणे. सगळी घाण इथंच आणलीस वाटतं!"

सिग्ने बाकावर उभी राहून ओरडली, "तो घाण नाहीये! गोठ्यात मळला होता, म्हणून मी धुतलाय!"

सगळे पोट धरून हसले. पाद्रीबाबांना तर डोळे पुसावे लागले.

मी नाही हसले, आर्डिस. एवढा वेळ तेच लिहायचं टाळत होते. मी तिचा दंड धरून तिला कोट टांगतात तिथं नेलं आणि म्हणाले, "डुकरीण कुठली!" ती रडली नाही. नुसती फ्रॉकला हात पुसत राहिली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

तू पण अशीच हात पुसत होतीस. सहा वर्षांची होतीस, कोठीच्या भिंतीवर चिखलानं गाय काढली होतीस. चांगली होती गं गाय, शिंगंबिंगं सगळी. मी तुला हाच शब्द बोलले आणि तुझ्याच हातानं ती पुसून घेतली. तू विसरली असशील अशी मी इतकी वर्षं मनाची समजूत घालत आले.

मी तिथंच सगळ्यांनी काढलेल्या ओल्या बुटांमध्ये फतकल मारली आणि सिग्नेला म्हणाले, "चुकलं माझं." तिनं जरा विचार केला. म्हणाली, "आजी, तुझा चर्चचा झगा मळला."

"मळू दे."

"मग सूपमध्ये धुऊया?"

तेव्हा मात्र मला हसू आवरेना. आत जाऊन पहिली वाटी मीच प्यायले, मग बाकीच्यांनी. नाक मुरडत हुल्डाबाईंनी दोनदा घेतलं.

सिग्ने म्हणते, "आईला नको सांगू." पण अट तू घातली होतीस, मोडली मी, तेव्हा सांगायलाही मीच हवं. तिला पुन्हा पाठवायचं की नाही ते तू ठरव. मी रागावणार नाही.

काल तिनं कुंडीतली माती कालवून कोठीच्या भिंतीवर एक गाय काढली. पाच पायांची. मी ती पुसली नाही. शेजारची जागा मोकळी आहे.

रविवारी तिला न्यायला जावई एकटेच येणार म्हणतात. तुला प्रवास झेपणार असेल तर बाळाला घेऊन तूही ये. बूट दारात काढू नकोस.

कुंडीतली माती ओली ठेवून वाट बघणारी,
तुझी आई