झाडायला गेले आणि वर्गात बसले

आत्या, पाया पडते. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. पोरीमुळे नाही गं, ती ढाराढूर झोपते. मीच बावीस अक्षरं घोकत बसते, आणि तीही उजवीकडून डावीकडे! तू गुडघ्यांना तेल लावतेस ना? (नाही लावत, मला माहीत आहे.)

मी कॉलेजात झाडझूड करते, तिथं शेवटच्या खोलीत ज्यू लोकांचा जुना इतिहास आणि त्यांची भाषा शिकवतात. वर्ग चालतो एका आजींच्या देणगीवर. अट एकच, विद्यार्थी पाच हवेत. सरांकडे चार, त्यातला एक कायम सर्दीनं घरी. वर्ग बंद पडला तर माझंही काम गेलं. आणि त्या खोलीत पोरीला पुस्तकांच्या खोक्यात झोपवता येतं, दुसरीकडे कोण ठेवू देतंय?

तर आजी बघायला येणार म्हणून सर मला म्हणाले, "ताई, तुम्ही नुसत्या मागं बसा." झाडू दाराआड ठेवला, पोरीला मांडीवर घेतलं आणि बसले. (सर्दीवालाही आलेला, म्हणजे मी पाचवी. पोरीला धरलं तर सहा!) सर शेकडो वर्षांपूर्वीचं पत्र वाचत होते. ज्यू व्यापारी समुद्रापार गेलेला, त्याची बायको त्याला लिहिते. कापड पाठवलंस ते फाटकं, तुझी आई बोलते, तू कसला नवरा. सर म्हणाले, बाई भांडकुदळ. चार वर्षं तेच शिकवतात. मी झाडताना ऐकतेच ना. माझी जीभ सुटली. म्हटलं, "भांडकुदळ नाही सर, घाबरलीय ती. नवरा परत येतो का नाही, ते विचारायचा धीर नाही, म्हणून कापडावर राग काढते." (आमचे हे पंधरा-पंधरा दिवस ट्रकवर असतात. मला नाही कळणार तर कोणाला?)

आजींनी विचारलं, "तू कोण गं?" माझ्यानं खोटं बोलवेना. म्हटलं, "झाडणारी." सरांचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा. आजी मात्र खो खो हसल्या. म्हणाल्या, खरंच नाव घाल, पाच तारखेच्या परीक्षेत पास हो, मग पैसे चालू. मी म्हटलं, मी सातवीत शाळा सोडलेली, आणि मी काही ज्यू नाही. सर म्हणाले, "मी तरी कुठं आहे? शिकायला कोणीही चालतं. दाखलाही लागत नाही." झालं! शिकलेली चार माणसं बसली बाजूला आणि अख्खा वर्ग माझ्या डोक्यावर. आता चौघं रोज मला विचारतात, अक्षरं झाली का? अरे, तुमची झाली का ते बघा!

आत्या, तू पत्र वाचून दाखवणाऱ्याकडून उलट टपाली खरमरीत लिहून घे, की आमच्या घरात बायकांनी असलं शिकायचं नाही. तुझं नाव पुढं करून सुटते.

तुझी,
पोर

ता.क. असलं काही लिहून घेऊ नकोस. फॉर्मवर सही करून आले. अठरा अक्षरं आली.

ता.क. पत्र वाचून दाखवणाऱ्यास: हे आत्याला मोठ्यानं वाचू नका. माझ्या भावाला फोन करा. त्याच्या लग्नावरून बोलले तेव्हापासून तो माझा उचलत नाही. पाच तारखेला सकाळी येऊन पोरीला दोन तास सांभाळ म्हणावं, हे ट्रकवर असणार. कशासाठी ते सांगू नका, हसेल. नको, सांगा. हसू दे. फक्त साडेनऊच्या आत हसून घे आणि ये म्हणावं. कराच हं फोन.