समोरच्या खोलीच्या नव्या काचा

बाबा,

आपल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या घराच्या खिडक्यांना नव्या काचा बसल्या आणि तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तुम्ही उभं राहून बसवून घेतलेल्या सागवानी चौकटी आहेत तिथेच आहेत. फक्त काचा बदलल्या.

तुम्ही गेल्यावर हे शहर नव्या राज्याची राजधानी झालं. गल्ली तेवढीच अरुंद राहिली, गाड्या मात्र मावेनाशा झाल्या. तलावाकडे जाणारी प्रत्येक वरात आपल्या समोरच्या खोलीतूनच चालली आहे असं वाटायचं. उन्हाळ्यात काचेला हात लावला की चटका बसायचा. मला तुमची एक दुपार आठवते. तुम्ही उरल्याच्या पोलादाच्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून आला आहात, खिडकीवर ओलं गोणपाट टांगलं आहे, आणि मी नि दादा फिदीफिदी हसतो आहोत. तुम्ही उठून बसता. "काहून खिदळून राहिले? मले दोन घंटे झोपू द्या ना!" आम्ही तोंडावर हात दाबतो. मग तुम्हालाच हसू फुटतं, आणि झोप मोडलीच आहे तर चला, म्हणून तुम्ही आम्हाला बर्फगोळा खायला नेता.

मागच्या वर्षी आई खचली. त्या गोंगाटात झोप नाही, रक्तदाब वाढलेला. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, हे घर विकून तिथंच शंकर नगरात फ्लॅट घेऊ. आई म्हणाली, "विका बाप्पा. पण मले काही विचारू नका." तिचा तो आवाज मला ऐकवेना. मी दादाकडून एक उन्हाळा मागून घेतला आणि दुरुस्ती काढली.

ठेकेदार म्हणाला, "दीदी, ये पुरानी लकड़ी निकाल दो, मोटा डबल काँच इसमें नहीं बैठेगा।" तेव्हा मी शोधत शोधत व्हॅक्यूम काचेपर्यंत पोचले. दोन काचा, मधे केसभर फट, आणि त्या फटीतली हवा काढून टाकलेली, आपल्या थर्मासमध्ये असते तशीच, म्हणजे उष्णता आणि आवाज दोन्ही अडतात. इतकी पातळ, की जुन्या चौकटीत बसते. मी ऑफिसात जागेवरच "हव! हेच!" म्हणून ओरडले, सगळे बघायला लागले.

एकच भीती होती. ही काच एकदा बनली की कापता येत नाही. बाकी खिडक्या झाल्या, आणि गल्लीकडची सगळ्यात मोठी अडली. सुतार भैया म्हणाला, "नहीं बैठ रहा, दीदी।" नवी मागवायची तर उन्हाळा संपला असता. आई दारात उभी होती. तिनं चौकटीच्या खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अरे, हा तर रंग आहे. ह्यांनी दर दिवाळीले चढवला, खरडून काढा की!" भैयानं खरडायला घेतलं. हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली पुन्हा हिरवा. मग त्यानं काच उचलली, आणि ती अलगद आत बसली. मी भैयाच्या हातात पेढ्यांचा अख्खा डबा दिला.

परवा वरात आली. आई खिडकीशी जाऊन बसली. बाहेर पोट्टे घामाघूम होऊन नाचत होते आणि ढोल मात्र कुठल्यातरी दुसऱ्या गावात वाजत असल्यासारखा. तिनं काचेला तळहात लावला. "चटका नाही वं! आणि हे येडे कशावर नाचून राहिले?" ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग तिनं स्वतःच दादाला फोन लावला. "मी कुठंच जात नाही. तूच ये, पाहून जा."

हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं, मला माहीत नाही. कपाटातच राहील. एक मात्र कबूल करते. आज ऑफिसात मी तब्येत बरी नाही म्हणून कळवलं. मी ठणठणीत आहे. भर दुपार आहे, गल्लीत गाड्यांची रीघ लागली आहे, आणि समोरच्या खोलीत आई घोरते आहे. ती घोरते हे आजवर मला ठाऊकच नव्हतं. तेच ऐकत बसले आहे.