मलकापूरच्या जागेची पारख

शनिवार, जेवणं झाल्यावर.

लिही गं पोरी, मी सांगते तसं. पुराच्या धास्तीनं तुझा भाऊ मलकापूरकडं डोंगरात जागा घ्यायची म्हणतोय. आज बघायला गेलतो. तो विहीर, रस्ता, उतार मोबाईलवर टिपत बसला. मी शेजारच्या घरात जाऊन विरजण मागितलं, तेही मुद्दाम दिवेलागणीला. त्या वक्ताला दही कोण घराबाहेर देतंय? तिथं एकट्या राहणाऱ्या म्हातारीनं दिलं की! वर म्हणाली, "पावणं, अडचणीत मी हाक मारली तर येशीला न्हवं?"

पारखायला गेले मी, आणि पारखलं तिनं! पण दिवेलागणीला विरजण... का दिलं असंल? मी आपली "येणार की" म्हणून बसले.

तुझा भाऊ म्हणतोय, "आज्जी, पाण्याचा रिपोर्ट यायचाय अजून."

येऊ दे बापडा. मी शब्द दिलाय.