डबक्यातल्या फुलांचा नकाशा

।। आई एकवीरा प्रसन्न ।।

दगडखाण सायडिंग,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. विनितास अल्पेशदादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी इथे मजेत. तू, आणि जिला माझं नाव काढलेलं खपत नाही ती, दोघीही धडधाकट असाल असं धरून चालतो. खाण दरीत आहे, मोबाईलला रेंज औषधालासुद्धा नाही. आणि असती तरी काय उपयोग? बाबांची होडी मी न विचारता विकली म्हणून आईने देवीसमोर शपथ घेतली, या घरात अल्पेशचा आवाज ऐकणार नाही. स्पीकरवर नाही, व्हिडिओत नाही. कागदाला आवाज नसतो, एवढी पळवाट म्हातारीने ठेवली हेच नशीब.

काम म्हणशील तर मालगाडीत दगड भरून घेणे. अठ्ठावन्न वाघिणींची गाडी रिकामी येते, पोकलेन पहिला दगड रिकाम्या वाघिणीत टाकतो तेव्हा छातीत धस्स होतं. मग हळूहळू कान बधिर होतात आणि बरं वाटतं. जेवणात धूळ, अंथरुणात धूळ. हीच गाडी मुंबईच्या मालधक्क्यावर रिकामी होते आणि तिथून डंपर आपल्या किनाऱ्यावर, समुद्र अडवायच्या नव्या भिंतीसाठी. म्हणजे मी भरलेला दगड आईच्या दारात जातो, मला मात्र दार बंद. झकास ना?

आता मुद्द्याचं. अकरा मार्चला सरकारी पाहणी आहे. खडकांत जिवंत डबकी दिसली तर भिंतीची रेघ बदलावी लागेल. पण सरकारचा भरवसा कोणी द्यावा? आमचे साहेब मनाने चांगले आहेत. मी आईचं सांगितल्यावर ते म्हणाले, म्हातारी कालवं फोडते त्या खडकाभोवती आधीच लाल झेंडे लावू, एकही डंपर तिकडे वळणार नाही. फक्त जागा नेमकी कळायला हवी. सांगायला लाज वाटते, पण आपल्या पुरुषांना खडक कुठे ठाऊक असतात? होडीतून बघावं तर सगळे काळे, सगळे टाळायचे. कुठला खडक कोणाच्या आईचा, ते तुम्हा बायकांचं राज्य. तेव्हा एक साधा नकाशा काढून पाठव. फुलांचं डबकं जिथे आहे तिथे फुली मार.

ती फुलं आहेत ना अजून? फुलं कसली, खडकाला चिकटलेले जीवच ते, बोट लावलं की मिटायचे. मी एकदा काडीने खरवडलं होतं एक, तर आईने कोयतीच्या मुठीने हाणलं होतं. वाट विसरलो, पण खूण आहे अजून कोपरावर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
अल्पेश

*

।। आई एकवीरा प्रसन्न ।।

कोळीवाडा,
२० फेब्रुवारी २०२४

ती. अल्पेशदादास विनिताचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन आधी म्हणाला कोर्टाची नोटीस असेल, मग अक्षर बघून त्याचीही खात्री पटली की एवढं घाण अक्षर कुठल्या वकिलाचं नसतं. आईला सांगितलं नाही. ती जेवत होती, तिचा घास कशाला कडू करू.

आईचं विचारतोस, तर ऐक. डोळे जवळजवळ गेलेच. उजव्याने उजेड-अंधार कळतो, डाव्याने तेही नाही. डॉक्टरांनी खडकावर जायला बंदी केली, आईने डॉक्टरांकडे जायला बंदी केली. तुझ्या सासूबाई, सुलक्षणामावशी, रोज ओहोटीला तिचा हात धरून खाली उतरतात. त्यांचा खडक आपल्या बाजूलाच. नवरा गेल्यापासून ती कालवंच त्यांचं पोट, तरी आधी आईला नीट बसवतात आणि मगच स्वतःची कोयती काढतात. आई हाताने चाचपून कालवं फोडते. पहिलं कालव अजूनही विकायचं नाही, खायचं नाही, डबक्यातल्या फुलांना घालायचं. करंगळी पाण्यात घालून ती बघते, फूल बोटाला चिकटलं की म्हणते, जागी आहेत. मग कामाला लागते. या खडकाशिवाय ती आठ दिवस जगायची नाही, हे तुलाही माहीत आहे.

नीलावहिनी परवा चारकोपहून आल्या होत्या. पेढे देऊन गेल्या. म्हणाल्या, तुमचे दादा मार्चमध्ये परमनंट होणार, साहेबांनी शब्द दिलाय, फक्त पाहणी सुरळीत पार पडू दे. मी पेढा खाल्ला. गोड होता. मग विचार करत बसले की आईच्या खडकाला झेंडे लावण्याबद्दल कोणी कोणाला परमनंट करतं का रे?

जाऊ दे, माझं मनच काळं. सख्खा भाऊ आहेस. नकाशा सोबत आहे, कालनिर्णयाच्या पाठीवर काढलाय. फुली मारली आहे. झेंडे लावशील तर उंच लाव, म्हातारीला दिसणार नाहीत पण मला दिसायला हवेत.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही ते तुझ्या वागण्यावर.

तुझी,
विनिता

*

।। आई एकवीरा प्रसन्न ।।

दगडखाण सायडिंग,
२८ फेब्रुवारी २०२४

चि. विनूस अनेक आशीर्वाद, वि. वि.

नकाशा मिळाला. एक नंबर! लहानपणी तुला चित्रकलेत भोपळा मिळायचा, आता बघ. साहेबांनी दोनदा उलटसुलट करून बघितला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. इतकी वर्षं दगड भरतोय, थाप पहिलीच.

तू संशयाने लिहिलंस त्याचं वाईट वाटलं, यार. होडी विकली ती चूक केली, मान्य. पण होडी लाकडाची असते, आई आई असते. तिच्या फुलांना धक्का लागणार नाही, हा माझा शब्द.

आमची माणसं सहा तारखेला, बुधवारी दुपारी, ओहोटीला झेंडे लावायला येतील. बुधवारी तुम्ही सगळ्या बाजारात असता, म्हणजे कोणाचा खोळंबा नको. आईलाही त्या दिवशी बाजारात ने. किती दिवसांत बिचारी बाहेर पडली नसेल. तिला भजी आवडतात, माझ्या नावाने नको, तुझ्या नावाने खाऊ घाल.

बाकी क्षेम. आठवणीत ठेव.

तुझा दादा,
अल्पेश

*

कोळीवाडा,
१२ मार्च २०२४

श्री. अल्पेश यांस,

सा. न. वगैरे राहू दे. हात जोडायला जमत नाही, हातांना अजून दगडाचा चुरा लागलेला आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे बुधवारी आईला अंधेरीच्या बाजारात नेलं. भजी खाऊ घातली. ती खूश होती, जवळा विकणाऱ्या बायांशी भांडलीसुद्धा. सुलक्षणामावशी आमच्या शेजारीच पाटी लावून बसल्या होत्या. साडेपाचला परत आलो तर किनाऱ्यावर झेंडा एकही नाही. डंपर अकरा. मशीन उतरवायला तात्पुरता रस्ता करतोय, असं त्यांचा मुकादम म्हणाला. नेमक्या फुलीवर माणसापेक्षा उंच ढीग. आईला दिसलं नाही, तिने नाक वर केलं आणि विचारलं की समुद्रावर कोरड्या धुळीचा वास कसा येतोय.

पण किंकाळी आईची नव्हती, अल्पेश. सुलक्षणामावशीची होती.

कळलं का? मी फुली मारली ती तुझ्या सासूच्या खडकावर. आईचं डबकं तिथून चाळीस पावलांवर, आपल्या मांजरखडकाच्या मागे, तिथे एक खडासुद्धा पडला नाही. काल सकाळी सहाच्या ओहोटीला पाहणीची माणसं आली, आईने त्यांना हाताला धरून नेलं. बरोबर एक मॅडम होत्या, त्यांनी बूट काढले, पाण्यात बोट घातलं आणि फूल चिकटल्यावर लहान मुलीसारख्या हसल्या. लिहून घेतलं त्यांनी सगळं. आईचा खडक सुटला. भिंतीची रेघ वळवली, ती ढिगाऱ्यावरून. कारण तिथे आता जिवंत असं काहीच नाही, असा शेरा मारला.

तू खरा असतास, झेंडे लावले असतेस, तर मावशीचाच खडक वाचला असता. मी तुझी परीक्षा घेतली. तू दगड टाकलेस, ते स्वतःच्या बायकोच्या आईवर. बुधवारपासून त्या रोज तिथे जाऊन बसतात, बारीक दगड हाताने उपसतात, मोठ्यांना नुसता हात लावतात. नखं गेलीत. नीलावहिनी चारकोपहून कायमच्या आल्या आहेत, बॅग घेऊन. तुझं नाव त्यांना मीच सांगितलं, तुझी दोन्ही पत्रं वाचून दाखवली, घाण अक्षरासकट.

मग? झालास परमनंट?

विनिता

*

दगडखाण,
१८ मार्च २०२४

विनितास,

आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही, आणि घ्यायची तुझी.

नोकरी गेली. साहेबांनी नकाशा तोंडावर फेकला आणि सगळ्यांसमोर आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मालगाडी भरून गेली, मी रुळाच्या कडेला पिशवी घेऊन उभा. स्टेशनावर जाऊन लावला तरी नीला फोन उचलत नाही. वाट लागली माझी, नाच आता.

मी हलकट आहे. आईचा खडक मी विकायला काढला, नोकरीसाठी. लपवत नाही. पण तू पुन्हा एकदा स्वतःचं पत्र आठव. तुला ठाऊक होतं मी काय करणार. सगळं ठाऊक असून तू फुली मारायला जागा शोधलीस, आणि जी बाई रोज आपल्या आंधळ्या आईचा हात धरते तिचीच जागा तुला सापडली. समुद्रात खडक काय कमी होते? रिकाम्या खडकावर मारायचीस. नाही मारलीस, कारण मला दुखायला हवं होतं. परीक्षा म्हणे! मी माझ्या आईला विकलं, तू दुसरीच्या आईला फुकटात दिलंस.

तू माझी पत्रं वाचून दाखवलीस, तुझा नकाशा दाखवला नसशील. मी तो रजिस्टर पोस्टाने नीलाला पाठवलाय.

मजेत राहा.

अल्पेश

*

।। आई एकवीरा प्रसन्न ।।

कोळीवाडा,
४ एप्रिल २०२४

ती. अल्पेशदादास सा. न. वि. वि.

तुझा पत्ता आता कुठला ते माहीत नाही. खाणीच्याच पत्त्यावर टाकते, मिळालं तर मिळालं.

नकाशा पोचला. नीलावहिनींनी मला काही विचारलं नाही. सरळ आईपाशी गेल्या, कालनिर्णयाचं ते पान तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिचं बोट धरून रेघांवरून फिरवलं. मी बॉलपेन दाबून लिहिते, रेघा कागदात खोल रुतल्या होत्या. आई एकेक खडकाचं नाव घेत गेली. फुलीवर आल्यावर थांबली. मला हाक मारून एवढंच विचारलं की हे तुझ्याच हातचं का. मी हो म्हटलं. तिने पान घडी करून चुलीत घातलं. वहिनींना म्हणाली की यातलं सुलक्षणाच्या कानावर जाता कामा नये. वहिनींनी मान हलवली. माझा संसार तर गेलाच, आता माझ्या आईचं काय ते एक सुख तरी राहू दे, एवढंच बोलल्या, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आईने सगळ्या बायकांना किनाऱ्यावर बोलावलं. आपल्यात खडक आईकडून लेकीला जातो, तुला ते कोणी सांगितलं नसेल. चारचौघींसमोर दिला की परत मागता येत नाही. आईने मांजरखडक सुलक्षणामावशींना दिला. मला नाही. कोयती त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाली की आता माझ्याने उतरवत नाही, विनिता तुझी पाटी उचलेल, डबकी दाखवेल, जन्मभर. बायकांनी माझं कौतुक केलं. अशी पोर मिळायला पुण्य लागतं, असं एकीने म्हटलं.

तेव्हापासून रोज जाते. पाटी उचलते. कुठल्या फटीत कालवं जाड, कुठे पाय घसरतो, सगळं दाखवते. पहिलं कालव फुलांना घालायचं तेही शिकवलं. मावशी नखं नसलेल्या बोटांनी ते घालतात, दुखतं त्यांना. आई घरात भिंतीकडे तोंड करून बसते. मी म्हटलं होतं ना तुला, ती आठ दिवस जगायची नाही. जगते आहे. ओहोटीची वेळ झाली की उठून उभी राहते आणि पुन्हा बसते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं, मीठ कुठाय, दार लाव.

काल मावशींनी सगळ्यांत मोठं कालव फोडून माझ्या तोंडात घातलं. माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. म्हणाल्या, जावयाने गाडलं आणि त्याच्याच बहिणीने उभं केलं, नीलाआधी तू माझी लेक. दादा, मला ते सहन होत नाही. तुझ्या शिव्या परवडल्या.

घरी येऊन मी आईचे पाय धरले. म्हटलं, आजच मावशींना सगळं सांगते, मग त्या मला दगडाने ठेचोत. आईने पाय मागे घेतले. म्हणाली की सांगून तू मोकळी होशील, तिला काय उरेल. उद्याची ओहोटी साडेचारची आहे, पाटी धुऊन ठेव.

पाटी धुतली आहे.

तुझी बहीण,
विनिता